घाट उतरलेली जपमाळ

मित्रांनो, गिरगावातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, देवघराच्या खालच्या कप्प्यात, कापराच्या डबीमागे भगव्या कापडाची एक पिशवी आहे. तिला गोमुखी म्हणतात. त्या पिशवीत मी राहते. मी तुळशीच्या लाकडाची जपमाळ आहे. वय विचाराल तर तीस वर्षांच्या वर. एकशे आठ मणी आणि त्यांच्या टोकाला एक मोठा मेरुमणी, एवढाच माझा देह. माझ्यासारख्या माळा घरोघरी असतात आणि बहुतेकींचं आयुष्य पाटावर बसूनच जातं. मी मात्र एकदा बेचाळीस किलोमीटर धावले आहे. हसू आलं ना? हसा. गोष्ट तशी हसण्याची नाही, पण सुरुवातीला थोडं हसलेलं बरं.

माझा जन्म एका देवळाच्या गावी झाला. राधा नावाची एक बाई अंगणात बसून हातचरकावर मणी कातायची. तुळशीची वाळलेली काडी घ्यायची, तिचे तुकडे करायचे, एकेक तुकडा फिरवत गोल करायचा आणि मधून भोक पाडायचं. भोक पाडताना मणी हटकून फुटतात. माझ्या एकशे आठांसाठी तिने दोनशेच्या वर मणी फोडले असतील. मग तिने मला सुती दोऱ्यात ओवलं, दोन मण्यांमध्ये एक गाठ मारली आणि देवळाच्या वाटेवरच्या दुकानात टांगून दिलं. तिथून मला कालिंदीने उचललं. ती तेव्हा पंचविशीत होती, नुकतीच फोर्टातल्या विमा कचेरीत कारकून म्हणून लागली होती. दुकानदाराला ती म्हणाली, "हलकी माळ द्या हं. बोटाला भार नको व्हायला."

तेव्हापासून तिची बोटं आणि मी.

कालिंदीचा नेम साधा होता. रोज सोळा माळा. एका मण्याला एकदा देवाचं नाव. एकशे आठ झाले की मेरुमणी येतो. त्याला ओलांडायचं नसतं, माळ उलटी फिरवून परत निघायचं. पाहुणे आले, ताप आला, सोमवारचा उपास असला, तरी सोळा म्हणजे सोळा. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने सोळा केल्या, फक्त मणी सगळे ओले झाले. तिचा आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीतले तिचे सासरे अण्णा विचारायचे, "कालिंदी, जप चाललाय की संपला?" तिने कुणाला कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. मला वाटायचं, अशा बाईच्या हातून कुणाचं वाईट होणारच नाही. माळेला काय, वाटतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. सोळा माळांचा वेळ आणि चालण्याचा वेळ एकाच सकाळी बसेना. तिने मला गोमुखीतून काढलं, उजव्या हाताला एक वेढा दिला आणि आम्ही शिवाजी पार्कला गेलो. एक नाम, चार पावलं. पुढे चालण्याचं हळू पळणं झालं आणि पळण्याचं लांब पळणं, तिलाही कळलं नाही. तिथे सकाळी धावणाऱ्यांचा एक गट होता. त्यांना शिकवणारा ध्रुव तिशीचा, बोलायला भरभर. त्याने एकदा वरळीच्या समुद्राकाठी तिला किलोमीटरला लागणारा वेळ मोजला. मग पुन्हा मोजला. मग घड्याळ हलवून बघितलं.

"काकू, प्रत्येक किलोमीटर तेवढाच कसा काय? पावणेआठ मिनिटं आणि वर पाच सेकंद. माझं घड्याळ चुकतं, तुम्ही नाही चुकत. बघता कशात?"

"कशात नाही रे. तीन माळा झाल्या की तुझा किलोमीटर होतो."

ध्रुव मोठ्याने हसला. पण त्याला हवं होतं तसं माणूस तिच्यात सापडलं होतं. मोठ्या शर्यतीत काही जण स्वतःसाठी पळत नाहीत. ते पाठीला वेळेचा फलक बांधतात आणि ठरलेल्या वेळेत, एकसारख्या चालीने शेवटापर्यंत जातात. बाकीचे त्यांच्या मागे राहतात. त्यांना पेसर म्हणतात. कालिंदी पेसर झाली. घरी तिने सांगितलं तेव्हा अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, देवाला तरी दम खाऊ दे की. म्हातारा झालाय तो. त्याला कशाला पळवतेस?"

माझे मणी घामाने काळे झाले, गुळगुळीत झाले. दोरा दोनदा बदलावा लागला. देवळातल्या बायका म्हणायच्या, उघड्यावर माळ फिरवू नये. पण खरं सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते. एवढं कौतुक पाटावर बसलेल्या माळेचं कोण करतं?

त्याच सुमाराला अंबिका आली. आली म्हणजे थेट कालिंदीच्या खांद्यावर आदळली.

"माफ कर गे ताई. बाजूचं मला दिसत नाही. समोरचं मात्र कावळ्यासारखं दिसतं."

अंबिका लालबागची, सत्तेचाळीस वर्षांची. परळच्या एका हॉस्पिटलात चादरी धुऊन येतात त्या विभागात कामाला. तिच्या डोळ्यांना असा आजार होता की नजर कडांकडून बंद होत आली होती. जग तिला नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं आणि ती नळी दर महिन्याला अरुंद होत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर, फार तर दीड वर्ष. त्यावर उपाय नाही.

एकदा वरळीला कठड्यावर बसून ती कालिंदीला म्हणाली, "पुढे जन्मभर मला कुणाच्या तरी दंडाला धरूनच चालायचंय. मुलीच्या, नवऱ्याच्या, रस्त्यावरच्या कुणाच्याही. त्याच्याआधी एकदा मोठा रस्ता एकटीने जायचाय. हात न धरता. माझ्या डोळ्यांनी."

"मोठा म्हणजे किती गं?"

"बेचाळीस किलोमीटर. तो ध्रुव सांगत होता ना, घाटउतार मॅरेथॉन. तो आमचा घाट. लहानपणी मे महिन्यात गावाक जाताना यष्टीच्या खिडकीत बसून उतरलंय मी तो. ओकारी काढत." ती हसली. "एकदा तो नीट बघायचाय. तू पुढे राहा. तुझी पाठ माझ्या नळीत बरोबर बसते."

कालिंदीने लगेच हो म्हटलं नाही. ती घरी आली, देवापुढे बसली, आणि मग हो म्हणाली. तिचं हो असंच असायचं. एकदा म्हटलं की मग मागे नाही.

ती घाटातली शर्यत डिसेंबरात होती. वर पठारावर सुरू होऊन तीस किलोमीटर सलग उतार आणि खाली बारा किलोमीटर सपाट. सहा तासांनी रस्ता वाहनांसाठी उघडणार. त्याच्या आत पोहोचेल त्याची शर्यत पुरी. कालिंदीच्या पाठीवर साडेपाच तासांचा फलक असणार होता.

तुम्हाला वाटेल, उताराला काय कठीण? उलट सोपंच की. ध्रुवने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "चढ दमवतो, पण आधी सांगून दमवतो. उतार गोड बोलून मारतो. उतरताना प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावतात. ते तेव्हा कळत नाही. तीस किलोमीटरनंतर सपाटी आली की कळतं, आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून पावलं छोटी. हात सैल. आणि वर एक सेकंदसुद्धा घाई नाही."

मुंबईत घाट कुठला आणायचा? रविवारी सकाळी सगळे मलबार हिलवर जायचे. वरून चौपाटीपर्यंत पळत उतरायचं, वर चालत जायचं, पुन्हा उतरायचं. दहा दहा वेळा. त्या वेळी कालिंदी मला मनगटाला गुंडाळून ठेवायची, कारण घडीघडी वर-खाली करताना माळांचा हिशेब लागायचा नाही. माझी आणि उताराची ओळख व्हायची राहिली ती तिथेच.

अंबिकेने तर चाळीच्या जिन्यालाच घाट केला. कामावरून आली की चार मजले खाली, चार मजले वर, वीस वीस वेळा. शेजारचा निलेश गॅलरीतून ओरडायचा, "काय काकी, लिफ्ट बंद पडली काय?"

"मेल्या, चाळीक लिफ्ट होती कधी?"

"मग कसला व्यायाम? आधीच दिसत नाही, पडशील कुठंतरी."

"पडले तर तुझ्याच अंगावर पडेन. तू आडवा आहेसच कायम."

तीन महिने असे गेले. ती पावणेआठ मिनिटांची चाल अंबिकेच्या अंगात मुरली होती. डोळे मिटूनही ती त्या चालीने जाईल, असं ध्रुव म्हणायचा, आणि मग आपण काय बोललो ते कळून जीभ चावायचा.

जाण्याच्या आधीच्या रविवारी त्याने कालिंदीला बाजूला घेतलं. "काकू, एक सांगू? रागावू नका. घाटात माळेवर जाऊ नका. उतारावर पाऊल लांब पडतं. तिथे तीन माळांचा किलोमीटर होणार नाही. घड्याळ बघा."

कालिंदी हसली. "बरं हं," म्हणाली. पण तिच्या मनात वेगळंच होतं. ते तिने ध्रुवला सांगितलं नाही, अंबिकेलाही नाही. मला मात्र ठाऊक होतं.

शर्यतीच्या पहाटे, घाटमाथ्यावरच्या थंडीत, सगळे अंग गरम करत होते तेव्हा कालिंदी एका झाडाआड गेली. बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि संकल्प सोडला. बेचाळीस किलोमीटर, दर किलोमीटरला तीन, अशा एकशे सव्वीस माळा. अंबिकेच्या डोळ्यांसाठी. एकही कमी नाही.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझा दोरा ताणतो.

साडेसहाला, उजाडताना आम्ही निघालो. कालिंदीच्या मागे चौदा माणसं, अगदी जवळ अंबिका. पहिले दोन किलोमीटर सगळं ठीक होतं. मग उतार तीव्र झाला. तिसऱ्या किलोमीटरची पाटी आली तेव्हा मेरुमणी अजून पंधरा-वीस मण्यांवर होता. चौथ्या पाटीला त्याहून लांब. ध्रुव म्हणाला होता तसंच झालं होतं, पावलं लांब पडत होती. पावलांचा ताल तोच, पण रस्ता भरभर संपत होता आणि माळा मागे राहत होत्या.

वेग वाढल्याचं सांगत घड्याळाने मनगटावर टुक टुक केलं. थंडीमुळे तिने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. तिने बाही घड्याळावरून खाली ओढली.

तिच्या मनात एकच भीती होती. अशाने माळा शंभरसुद्धा भरायच्या नाहीत. संकल्प मोडेल. आणि तो कुणासाठी सोडला होता? म्हणून तिने नाम भरभर घ्यायला सुरुवात केली. पाटी यायच्या आत तीन माळा भरायच्याच. पण तिची जीभ आणि तिचे पाय इतक्या वर्षांत एकमेकांना बांधले गेले होते. जीभ धावली की पाय धावले. पाय धावले की पाटी आणखी लवकर आली. पाटी लवकर आली की जीभ आणखी धावली. माझे मणी तिच्या अंगठ्याखालून असे पळत होते की मला मीच कळेना. मी चुकले नाही. एक मणी सुटला नाही. मी सगळं बरोबर मोजत होते, आणि काय मोजायला हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

मागे सगळे खूश होते. दरीत उन्हं उतरत होती, धुकं वर येत होतं. अंबिका बोलत होती. "ताई, तो बघ सुळका! तो मला आठवतो गे! इथे आमचा ड्रायव्हर गाडी थांबवायचा, नारळ फोडायचा." तिची नळी दरीवरून, झाडांवरून, पांढऱ्या पट्ट्यावरून फिरत होती आणि पुन्हा कालिंदीच्या पाठीवर येत होती. एकदा ती म्हणाली, "ताई, आपण जरा जोरात नाही ना?"

कालिंदी नाम तोडून बोलायची नाही. तिने नुसता हात वर केला. चल, सगळं ठीक आहे.

पेसरने हात वर केला की मागच्यांनी विश्वास ठेवायचा असतो. अंबिकेने ठेवला.

तिसाव्या किलोमीटरला घाट संपला. घड्याळ बाहीखाली सांगत होतं की आम्ही वीस मिनिटं पुढे आहोत. सपाट रस्ता लागला आणि एकेक माणूस गळायला लागला. कुणी पोटरी धरून बसलं, कुणी कठड्याला टेकलं. तेहतिसाव्या पाटीशी अंबिका थांबली. तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"ताई, मांड्या ऐकत नाहीत. उचलतेय, पण उचलत नाहीत."

"चालूया. वेळ आहे आपल्याकडे. मी चालते तुझ्याबरोबर. हात दे."

"हात नको." तिने दोन्ही हात मागे घेतले. "तेवढं नको गे."

दोन किलोमीटर कालिंदी तिच्याबरोबर चालली. अंबिका अडखळायची, थांबायची, पुन्हा निघायची. वाचवलेली वीस मिनिटं तिथे सांडली. पस्तिसाव्या पाटीशी मागे उरलेल्या सहांपैकी एक जण म्हणाला, "काकू, आता निघालो नाही तर साडेपाच हुकणार."

अंबिका म्हणाली, "जा तू. तुझ्या पाठीवर फलक आहे. या लोकांना तुझ्यावर सोडलंय. मी येते. सहाच्या आत येते की नाही बघ."

कालिंदी गेली. तिने मागे वळून बघितलं नाही, कारण वळली असती तर गेली नसती. साडेपाच तासांना वीस सेकंद कमी असताना तिने रेषा ओलांडली. चौदातले सहा बरोबर होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ध्रुव धावत आला, वाकून नमस्कार केला. "काकू, घाटात असं कुणी धरत नाही. घड्याळाला लाजवलंत!" आणि त्याच रेषेवर माझा मेरुमणी तिच्या अंगठ्याला लागला. एकशे सव्वीस. पुऱ्या.

अंबिका आली ती मागून येणाऱ्या गाडीतून. सहा तास झाले तेव्हा ती एकोणचाळिसाव्या पाटीशी होती. गाडीतल्या माणसाने दार उघडलं आणि उतरायला तिला हात दिला. तो तिला घ्यावा लागला.

ती कालिंदीच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ बूट काढत होती. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती.

"तुझं काय चुकलं नाही, ताई," ती म्हणाली. "माझ्याच मांड्यांत जीव नव्हता. जिना कमी पडला माझा. मी उगाच मोठ्या बाता मारल्या."

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच. कालिंदीचं तोंड उघडलं, मला तिच्या तळहाताचा घाम कळला. आणि ती हळू आवाजात म्हणाली, "देवाची इच्छा, अंबिका."

तीस वर्षांत त्या तोंडून मी देवाचं नाव लाखो वेळा ऐकलं होतं. त्याच्यामागे कुणी लपलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्यावर तिने मला गोमुखीत ठेवलं, गोमुखी कप्प्यात ठेवली, समोर कापराची डबी ठेवली. रोजच्या सोळा माळा ती बोटांच्या पेरांवर करू लागली. अण्णांनी विचारलं, "का गं, तुळशीची माळ कुठे गेली?" ती म्हणाली, "दोरा झिजलाय." दोरा चांगला होता. माझ्या गाठींत धूळ बसली. एक बारीक किडा तिसऱ्या मण्याच्या भोकात राहून गेला. माझी तक्रार त्याची नव्हती. दिवसचे दिवस कुणी हात लावत नाही याचं दुःख वेगळं आणि का लावत नाही हे ठाऊक असण्याचं वेगळं.

कप्प्यातून मला घरातलं बोलणं ऐकू यायचं. फेब्रुवारीत ध्रुव आला होता. "काकू, मार्चमध्ये आणखी एक शर्यत आहे, सपाट, सकाळची. अंबिकाकाकीला म्हटलं चला, अजून थोडं दिसतंय तोवर. तयारच होत नाही. म्हणते माझ्या पायांना ते झेपत नाही, मी एकदा बघितलं ना. तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल."

"बघते हं," कालिंदी म्हणाली.

ती गेली नाही. गेली असती तर सांगावं लागलं असतं.

मार्च गेला. मे गेला. श्रावणात ध्रुवने नवे पेसर तयार करायला घेतले आणि कालिंदीला शिवाजी पार्कला बोलावलं. त्या दिवशी तिने मला बाहेर काढलं; नव्या मुलामुलींना माळ दाखवा, असा ध्रुवचा हट्ट होता. सगळे गवतावर गोल बसले. ध्रुव म्हणाला, "या काकूंनी घाटात साडेपाच तास वीस सेकंदांच्या फरकाने धरले. काकू, सांगा कसे धरले ते."

नूपुर नावाची एक मुलगी वही उघडून लिहायला बसली होती. कालिंदीने मला हातात धरलं. "तीन माळांचा एक किलोमीटर..." एवढं म्हणाली आणि थांबली. नूपुरने तेवढं लिहून घेतलं होतं. कालिंदी म्हणाली, "बाळ, ते खोडून टाक." मग सगळ्यांसमोर तिने सांगितलं. बाही खाली ओढली तेही सांगितलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून मुलं पुढे सरकून ऐकत होती. ध्रुव मान खाली घालून गवत उपटत राहिला.

तिथून ती थेट बसने लालबागला आली. चार मजले चढली.

अंबिका दारातच खाली बसली होती, पुढ्यात परातीत मोड आलेले वाल. ती बोटांनी एकेक दाणा चाचपून साल काढत होती. डोळे उघडे होते, पण ते परातीकडे नव्हते.

"कोण? पाऊल ओळखीचं आहे."

"मी. कालिंदी."

"बस गे. बऱ्याच दिवसांनी आलीस. बिरडं करतेय. दाण्याला डोळे लागत नाहीत, बरं असतं."

कालिंदी बसली. उभ्यानेच सांगायचं ठरवलं होतं, पण बसली. आणि सगळं सांगितलं. संकल्प, माळा, पाट्या, जीभ, बाही, हात वर केला ते. आणि शेवटी म्हणाली, "तुझ्या मांड्यांत जीव होता अंबिका. तो मी घाटात संपवला. वीस मिनिटं पुढे नेलं मी तुला. माझ्या चालीने नीट आणलं असतं तर तू पोहोचली असतीस."

अंबिकेची बोटं थांबली नाहीत. एक दाणा, एक साल. एक दाणा, एक साल. गॅलरीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"किती झाल्या होत्या माळा?" तिने विचारलं.

"एकशे सव्वीस."

"पुऱ्या?"

"पुऱ्या."

"माझ्या डोळ्यांसाठी."

कालिंदीने नुसती मान हलवली, आणि ती अंबिकेला दिसली नाही.

अंबिका पुढचा दाणा सोलत बोलली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"घाटात चुकलीस त्याचं मला काही नाही, ताई. माणूस चुकतो. पण त्या दिवशी बूट काढत होते तेव्हा सांगितलं असतंस तर? मार्चमध्ये मला दिसत होतं गे. बसचा नंबर दिसत होता. माझ्या पोरीचं तोंड दिसत होतं. ध्रुव दोनदा विचारायला आला, आणि मी म्हटलं, नको रे बाबा, माझ्या पायांत नाही ते." तिने सालं मुठीत गोळा केली. "मी माझ्या पायांना आठ महिने शिव्या घातल्या. त्यांची काही चूक नव्हती."

कालिंदीने तिच्या पायांना हात लावला. धाकटीच्या पायांना. अंबिकेने पाय आखडून घेतले नाहीत. "असू दे," असंही म्हणाली नाही.

उठताना कालिंदीने विचारलं, "शनिवारी वरळीला येशील? मी हात धरीन."

"आता धरावाच लागणार," अंबिका म्हणाली. "पण या शनिवारी नको."

त्याच्या पुढच्या शनिवारीही नको होतं. कालिंदी तरी जाते. दर शनिवारी सकाळी चाळीखाली उभी राहते. कधी वरून निलेश ओरडून सांगतो, "काकी आज येत नाही म्हणते." कधी अंबिका कठड्याला धरून एकेक पायरी उतरत येते, कालिंदीचं कोपर शोधते, आणि दोघी निघतात. फार बोलत नाहीत. कालिंदी खड्डा सांगते, पायरी सांगते, समुद्राला भरती आहे की ओहोटी ते सांगते. चाल अंबिका ठरवते. त्या दिवशी मी गोमुखीत असते. एका हाताला अंबिका आणि डोळे रस्त्यावर, तिथे माझं काम नाही. त्या दिवशीच्या सोळा माळा कालिंदी घरी येऊन करते, एकेक मणी सावकाश, आणि पुष्कळदा मधेच थांबून बसते.

मित्रांनो, माझी निगा ठेवा असं मी सांगणार नाही. मी लाकूड आहे, पुसलं की झालं. पण तुमच्या मागे कुणी विश्वासाने येत असेल, तर मधूनमधून वळून त्याचे पाय बघत जा. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, बूट काढता काढता सांगा. तिच्यावर देवाच्या नावाचं पांघरूण घालू नका. समोरच्याकडे किती मार्च उरलेत, ते आपल्याला ठाऊक नसतं.